माहीमचा बुधवार आणि मेणाचा डावा पाय

माहीमच्या सेंट मायकल चर्चची बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, कशी असते, आम्ही हिंदू बायका गेलो तर चालतं का, बाहेर मिळतात ते मेणाचे हातपाय घ्यायचे की नाही, असं आमच्या वॉर्डातल्या मुली मला अधूनमधून विचारत असतात. मी वसईची, महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका, आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, आमच्या पॅरिशच्या (धर्मग्रामाच्या) मुलांना धर्मशिक्षण देते. त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे आणि ते एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. थोडक्यात उत्तर हवं असेल तर जा, अवश्य जा, मेणाचा पायही घ्या. फक्त तो पाय आपण कुणापुढे ठेवतोय आणि त्याने नेमकं काय होतं, हे कळून घेऊन जा. हे जिथे भाविकाला नीट कळतं ती जागा चांगली, असा माझा निकष आहे. माहीम त्याला पुरेपूर उतरतं.

आधी वाटेचं सांगते. विरारकडून येणारी जलद लोकल माहीमला थांबत नाही. अंधेरीला किंवा वांद्र्याला उतरून धीमी धरायची, पश्चिमेला बाहेर पडायचं आणि कॉजवेच्या दिशेने चालत सुटायचं. बुधवारी वाट विचारावी लागत नाही, हातात मेणबत्त्या आणि फुलं घेतलेल्या माणसांच्या मागे चालत राहिलं की झालं. नोव्हेना सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हापुन्हा होते, इंग्रजीबरोबर कोकणी, मराठी, हिंदीतही. मराठीची वेळ आधी विचारून ठेवा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर ऑफिस सुटायच्या वेळी जाऊ नका, गर्दी रस्त्यापर्यंत येते. तुमचा धर्म कोणी विचारत नाही. मिस्सा चालू असेल तर ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, स्वीकारायच्या रांगेत मात्र उभं राहू नका, ते कॅथलिकांपुरतं आहे. बाकी सगळं सगळ्यांना खुलं.

देऊळ जुनं आहे, १५३४ चं, पोर्तुगीज अमलातलं. आताची इमारत १९७३ ची. मराठ्यांनी साष्टी घेतली त्या धामधुमीनंतर बांद्र्याच्या मोतमाउलीची (माउंट मेरीची) मूर्ती काही वर्षं इथेच ठेवलेली होती. नोव्हेना त्या मानाने अलीकडची. इथल्या एका धर्मगुरूंनी बेलफास्टला अशी नोव्हेना पाहिली आणि ८ सप्टेंबर १९४८ ला, येशूची आई मरिया हिच्या जन्मदिनी, माहीमला सुरू केली. तो दिवसही बुधवारच होता.

आता मेणाच्या वस्तू. चर्चबाहेर विक्रेते ओळीने बसलेले असतात आणि त्यांच्या फळ्यांवर माणसाच्या सगळ्या काळज्या मांडलेल्या दिसतात. हात, पाय, डोकं, डोळ्यांची जोडी, हृदय, पोट, गुंडाळलेलं तान्हं बाळ. मग घर, गाडी, पुस्तक, आणि परदेशी जायचं असेल तर विमान. मी पाय घेतला. आईचा डावा गुडघा बदलायचा होता. साठ रुपये. वितीएवढा, आतून पोकळ, पिवळसर पांढरा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात ती शीर घोट्यावरून वर गेलेली, बोटं पाचही नीट उठलेली, अंगठ्याचं नखसुद्धा दिसतं. पातळ असल्याने उन्हात हातात धरला तर मऊ पडतो, कागदात गुंडाळूनच न्यावा. मेणबत्त्याही घेतल्या.

ज्या मावशींकडून घेतला त्यांनी विचारलं, "डावा की उजवा?"

मी म्हटलं, "मावशी, देवाला कळत नाही होय?"

"देवाला सगळं ठाऊक असतं गं. सांगताना आपण तरी नीट सांगावं." आणि ढिगातून शोधून डावा काढून दिला.

माझ्या शेजारी एक मुलगा घराचा आकार हातात घेऊन उभा होता. त्याने विचारलं, हे ठेवलं की काम होतंच ना? मावशींचा हिशेब चालू होता, त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. "ते माझ्या हातात नाही, आणि माउलीच्याही हातात नाही. ती विचारते. देणारा तो." मुलाने घर घेतलं. मावशींनी विक्री जायची काळजी न करता खरं ते सांगितलं, म्हणून मी सगळ्यांना त्यांच्याचकडे पाठवते. फाटकाकडे तोंड केलं तर डाव्या ओळीत, पत्र्याच्या निळ्या पेटीवर बसतात.

त्यांच्या त्या दोन वाक्यांत आमच्या धर्मशिक्षणाचा एक अख्खा धडा आहे.

बहुतेकांना, आणि आमच्यातल्याही पुष्कळांना, संत म्हणजे देवाकडचा वशिला वाटतो. मोठ्या साहेबापर्यंत आपला अर्ज पोचत नाही, मग ओळखीच्या हेडक्लार्कला गाठायचं. हे चित्र मनात बसलं की पुढचं सगळं चुकत जातं. वशिला तिथे लागतो जिथे साहेब आपल्याला ओळखत नाही, किंवा ओळखूनही द्यायला तयार नाही. देव कुणाला ओळखत नाही असं नाही, आणि मरियेने गळ घातली म्हणून त्याचं मन पालटतं असंही चर्चने कधी शिकवलेलं नाही. संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हे फार स्वच्छ मांडलंय. आपण प्रार्थना करतो ती देवाचा बेत बदलायला नाही. जे प्रार्थनेतूनच द्यायचं त्याने आधीपासून ठरवलंय, ते मिळावं म्हणून करतो. म्हणजे प्रार्थना हा त्याच्या देण्याचाच एक भाग. आपली प्रार्थना तशी, संतांचीही तशीच.

मग एकट्याने केली तर चालणार नाही का? चालेल की. पण आम्ही एकटे नाही, हाच मुळी विश्वास आहे. जपमाळेच्या सुरुवातीला जे प्रेषितांचं श्रद्धाप्रकटन म्हणतो त्यात संतांच्या या एकोप्यावर विश्वास असल्याचं आपण दरवेळी म्हणतो. पृथ्वीवरची माणसं, शुद्धिस्थानातली, म्हणजे मरणानंतर शुद्ध होत असलेली माणसं आणि देवाला समोरासमोर पाहणारी माणसं, हे सगळं मिळून एक कुटुंब. मरणाने त्यातून कोणी गळत नाही. मी आजारी पडले तर शेजारच्या बाईला म्हणते, माझ्यासाठी प्रार्थना कर. तिने केलेली प्रार्थना मला चालते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तसं करायलाच सांगितलंय. मग वसईत जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेल्या संत गोन्सालो गार्सियाला मी तेच सांगितलं, तर काय बिघडलं? तो तर आता देवाच्या अधिक जवळ आहे. संत जेरोमने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हाच मुद्दा मांडला होता. देहात असताना, स्वतःच्या जिवाची चिंता असतानाही प्रेषित आणि हुतात्मे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू शकत होते, तर स्वर्गाचा मुकुट मिळाल्यावर कितीतरी जास्त करतील.

आमचे प्रॉटेस्टंट स्नेही यावर हमखास तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन काढतात, दुसरा अध्याय, पाचवी ओवी. देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, ख्रिस्त येशू. वचन खरं आहे आणि आम्हीही ते मानतो. पण त्याच अध्यायाची पहिली ओवी वाचा. तिथे पौल सगळ्या माणसांसाठी विनवण्या आणि प्रार्थना करायला सांगतो. एकमेकांसाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताची जागा कोणी घेत नाही. संतांची मध्यस्थी त्याच्यातून येते आणि त्याच्यापाशीच जाते. १५६३ च्या डिसेंबरात चर्चच्या ट्रेंट इथल्या महासभेने संतांना नम्रपणे हाक मारणं चांगलं आणि उपयुक्त आहे असं सांगितलं, ते 'एकमेव तारणारा ख्रिस्त' हे स्पष्ट म्हणतच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली तेच पुन्हा लिहिलं.

आमच्या प्रार्थनांत हे कानांनी ऐकता येतं. संतांची लितानी, म्हणजे एकेकाचं नाव घेऊन करायची विनवणी, म्हणताना नीट लक्ष द्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांना आपण म्हणतो, आम्हांवर दया कर. मरियेपासून पुढे सगळ्या संतांना म्हणतो, आम्हांसाठी विनंती कर. दया कुणाकडे मागायची आणि सोबत कुणाची घ्यायची, यात कुठेही गल्लत नाही. मी मुलांना तोंडी परीक्षेत हाच प्रश्न घालते.

एक हुशार मुलगी मला म्हणाली, टीचर, बुधवारी एवढी हजारो माणसं एकदम बोलतात, ती मरियेला ऐकू कशी येतात? प्रश्न रास्त आहे. मरिया काही देव नाही, सर्वज्ञ नाही. चर्चचं उत्तर असं की स्वर्गात संत देवाला पाहतात आणि त्यांनी जे जाणायला हवं ते त्याच्याच प्रकाशात त्यांना दिसतं. आपली हाक त्यांच्यापर्यंत देवच पोचवतो. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, धुपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना.

माहीमला ज्या चित्रापुढे हे सगळं चालतं ते निरंतर साहाय्यमातेचं, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मरियेचं. मूळ चित्र रोमला संत आल्फोन्स यांच्या देवळात आहे. १८६६ पासून ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या धर्मगुरूंच्या ताब्यात आहे, नवव्या पायस पोपने ते त्यांच्याकडे सोपवलं होतं. गर्दीत बहुतेक जण नमस्कार करून पुढे सरकतात. तुम्ही जरा थांबा आणि बाळाच्या पायाकडे बघा. एक चप्पल बंदाला लटकतेय, आता पडेल अशी. दोन्ही बाजूंना दोन देवदूत आहेत, मिखाएलाच्या हातात भाला आणि स्पंज, गाब्रिएलाच्या हातात क्रूस आणि खिळे. पुढे काय सोसायचंय ते बाळाला दिसलं, ते दचकून धावत आईकडे आलं आणि त्या धावण्यात चप्पल सुटली. दोन्ही हातांनी त्याने आईचा अंगठा धरलाय. आणि आई? ती बाळाकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. तिचा हात त्याच्या हाताखाली उघडा आहे, जणू म्हणतेय, हा बघ, याच्याकडे ये. काना गावच्या लग्नातही तिने तेच केलं. त्यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही एवढंच मुलाला सांगितलं, आणि वाढप्यांना म्हणाली, तो सांगेल तसं करा. तिसरं काही बोलल्याची नोंद नाही.

नोव्हेना साधारण तासाभराची. गीतं, प्रार्थना, छोटं प्रवचन, आजाऱ्यांना आशीर्वाद, आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग, भाविकांची पत्रं. कुणी विनंती लिहितं, कुणी आभार मानतं. नोकरी लागली, मूल झालं, नवऱ्याची दारू सुटली. अनोळखी माणसाच्या घरातलं दुखणं कळल्यावर अख्खं देऊळ त्याच्यासाठी तोंड उघडतं. इथे मध्यस्थी स्वर्गातच चालते असं राहत नाही, तुम्ही स्वतः त्या बाकावर बसून ती करत असता. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी सांगते, आपली मागणी म्हणून झाली की उठू नका, पत्रांपर्यंत बसा.

नऊ बुधवारांबद्दल खूप विचारणा होते. नऊ सलग बुधवार केले की इच्छा पुरी होते, अशी समजूत मुंबईभर आहे. नऊची प्रथा येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा येईपर्यंत शिष्यांनी आणि मरियेने मिळून जी प्रार्थना केली, तिच्यावरून आली. नऊ हा वाट पाहण्याचा आकडा आहे. आठवा बुधवार पावसात लोकल बंद पडल्याने चुकला म्हणून रडणारी बाई मी पाहिली आहे. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की देव हजेरीपट घेऊन बसलेला नाही. आपल्याकडच्या नवसाशी याची तुलना सगळे करतात, आणि आमची माणसंही नवस हाच शब्द वापरतात. वापरा. पण अट घालून, मिळालं तर देईन अशा बोलीने, मेणाचा पाय ठेवू नका. तो विनंतीचा देह आहे. आई अंथरुणातून उठू शकत नव्हती म्हणून तिचा पाय मी तिथे नेला, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरा प्रश्न, चालतं का?

आईचं ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन ती देवळात जाते. मी याला चमत्कार म्हणत नाही. शल्यविशारद उत्तम होते, फिजिओथेरपीच्या मुलीने जीव तोडून मेहनत घेतली. चमत्कार म्हणताना चर्च किती चिकित्सा करतं हे परिचारिका म्हणून मला फार आवडतं. कुणाला धन्य घोषित करायचं तर, तो हुतात्मा नसेल तर, एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, आणि संत म्हणायला पुढे आणखी एक. आधी डॉक्टरांचं मंडळ तपासतं की आजाराचं निदान पक्कं होतं का, बरं होण्याला वैद्यकीय कारण सापडतं का. मग ईशज्ञानी, म्हणजे धर्मशास्त्राचे अभ्यासक, तपासतात की प्रार्थना त्याच व्यक्तीच्या मध्यस्थीने केली होती का. मदर तेरेसांच्या बाबतीत दुसरी घटना ब्राझीलमधल्या एका माणसाची होती, मेंदूत गळवं झालेला. ती मान्य झाली आणि ४ सप्टेंबर २०१६ ला त्या संत झाल्या. गोव्यातल्या पिलारचे फादर आग्नेल १९८६ पासून 'आदरणीय' या, धन्यच्या आधीच्या, पायरीवर आहेत. गुरुवारी लोक त्यांच्या समाधीपाशी लोटतात, तरी रोम घाई करत नाही. नियमाला अपवाद करायचा अधिकार पोपला आहे, बाणावलीच्या जुझे वाझ यांना २०१५ साली दुसऱ्या चमत्काराशिवाय संत घोषित केलं गेलं. पण अपवाद तो अपवादच.

आणि न मिळालेल्या मागण्या? माझ्या मामेभावाला रक्ताचा कर्करोग होता. मामीने बुधवार सोडला नाही, वाकून गेलेल्या गुडघ्यांनी कॉजवेपासून चालत जायची. तो गेला. पुढे कित्येक महिने ती देवळाची पायरी चढली नाही, आणि कुणी तिला चढ म्हटलं नाही, हे बरं झालं. मग आपणहून पुन्हा जाऊ लागली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, मी मागत होते तेव्हा माउली माझ्या शेजारी उभी होती, तिचाही मुलगा गेला होताच की. मध्यस्थीबद्दल मी जे काही वाचलंय त्यात यापेक्षा खरं काही मला सापडलेलं नाही. मामी आता लोकांची पत्रं ऐकायला जाते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या गेलेल्या मुलालाही सांगते, तूही कर. चर्च त्याला आडकाठी करत नाही. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण अशाच, यादीत नाव नसलेल्यांसाठीही आहे.

म्हणूनच मला दुसऱ्या प्रकारच्या दुकानदारीचा राग येतो. मोबाइलवर एक सेवा आहे, नाव घेत नाही, ती पैसे भरून तुमच्या नावाने नऊ दिवस मेणबत्ती लावते आणि 'हमखास फळ' असं लिहिते. आमच्या एका आयाने तिथे महिन्याच्या पगारातला चांगलाच हिस्सा घातला. फळ आलं नाही तर मोठं पॅकेज घ्या, असा निरोप आला. संत यूदाच्या नावाने फिरणारे ते निरोपही तसेच, एवढ्यांना पाठवा नाहीतर अरिष्ट येईल म्हणणारे. संत कुणाला धमकावत नाहीत. असले निरोप पुसून टाका, काही होत नाही. कृपा विकत मिळते असं जो सांगेल त्याच्याकडून मेणबत्तीसुद्धा घेऊ नये.

माहीमला मेणबत्ती घ्यायची सक्तीही नाही. रिकाम्या हाताने गेलात तरी जागा मिळते, विनंतीचा कागद टाकता येतो. तो विनंतीचा कागद लिहायला आईने मला बसवलं होतं, आभाराचाही तिनेच सांगितला. त्यावरून काही सूचना करते. पत्र चार ओळींचं ठेवा. आजाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, रुग्णालयाचं नाव लिहू नका, ते पत्र हजार माणसांपुढे वाचलं जाऊ शकतं. आजार मात्र स्पष्ट लिहा, म्हणजे ऐकणाऱ्यांना कशासाठी प्रार्थना करायची ते कळतं. आणि बरं वाटल्यावर आभाराचं पत्र टाकायला विसरू नका, बहुतेक जण विसरतात. आईच्या पत्रात मरिया माउलीच्या खालोखाल फिजिओथेरपीच्या त्या मुलीचे आभार होते.